तीन बिलांची गोष्ट

केंद्र सरकारची कचेरी चार खुर्च्यांसाठी टेंडर काढत बसत नाही. 2005 च्या वित्तीय नियमांत 15 हजारांपर्यंत कोटेशनशिवाय खरेदीची मुभा होती. 2017 च्या नियमांनी ती 25 हजार केली. मात्र माल योग्य प्रतीचा, दर वाजवी, दुकानदार भरवशाचा, असा दाखला अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीनं द्यायचा. पुढे चौकशी निघाली तर जबाब त्यालाच द्यावा लागतो!

खरी मेख निराळीच. 60 हजारांच्या मालाची तीन बिलं पाडली की प्रत्येक बिल मर्यादेत बसतं. म्हणूनच वरिष्ठांची मंजुरी चुकवण्यासाठी मागणीचे तुकडे पाडायला नियमातच मनाई आहे.

हे नियम आपल्या कारखान्याला लागू नाहीत. पण स्टोअरच्या खरेदीचा खर्च वार्षिक सभेपुढे येतो, तेव्हा एकाच दुकानाची, एकाच तारखेची बिलं किती, एवढं तरी आपण विचारतो का?