मोटारीमागचें घर व मोटारीचें बळ

अमेरिकेंत कित्येक कुटुंबें सुटींत मोटारीमागें चाकांचें घर जोडून प्रवासास निघतात. बिछाने, चूल, न्हाणीघर, पाण्याची टांकी, सारें त्यांत असतें. ह्या घरास तेथें ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. विकणारा बहुधा एकच हिशेब पुढें करतो : मोटार ३,४०० किलो ओढते, ट्रेलर भरून ३,००० किलोंचा होईल, मग चिंता कसली?

आपल्याकडील गाडीवानास ह्यांतील उणीव तेव्हांच कळेल. मागच्या अंगास ओझें अधिक झालें कीं गाडी उलाळते व जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें. पुढें अधिक झालें कीं मान दबते. ट्रेलरचेंही तसेंच आहे. भरलेल्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार दांड्यावाटे मोटारीवर पडावा, असा अमेरिकेंतील दंडक आहे. तो फार कमी पडला, तर वेग वाढतांच मागचें घर लंबकासारखें डोलूं लागतें. एका मर्यादेपलीकडे प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा होतो, आणि चालकाचा ताबा सुटून मोटारीसकट सारें उलथतें. अशा वेळीं मोटारीचा ब्रेक करकचून दाबणें घातक होय. चाक सरळ धरून, वेग उतरूं देऊन, ट्रेलरचे स्वतंत्र ब्रेक हातानें लावावे लागतात.

आतां तो भार मोटारीस पेलतो काय? चालकाच्या दाराजवळील खांबावर एक चिठ्ठी असते. माणसें व सामान मिळून किती वजन चालेल, तें तींत लिहिलेलें असतें. समजा, ६८० किलो. ट्रेलरच्या ३,००० किलोंचे १३ टक्के म्हणजे ३९० किलो दांड्यापायीं गेले. उरले २९०. चालक धरून चार माणसें २६० किलो, जोडणीची लोखंडी कडी ४० किलो; झाले ३००. ओढण्याची मर्यादा ४०० किलोंनीं दूर असतांना पाठ मात्र भरून गेली, आणि फराळाचा डबा अद्याप घरींच आहे!

जाहिरातींतील वजन तर बहुधा रिकाम्या ट्रेलरचें असतें. दीडशें लिटर पाणी भरलें कीं दीडशें किलो वाढले.

वजनाइतकाच आकारही पाहावा लागतो. उंच, रुंद घर वारा अडवतें व बाजूच्या वाऱ्यानें ढकललें जातें. चढावर आणखी एक अडचण येते. कोलोरॅडोंतील आयझेनहॉवर बोगदा सुमारें ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेंत साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ति जवळजवळ एक तृतीयांशानें घटते.

ब्रिटनमधील रीत अधिक सावध. भरलेला ट्रेलर मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड नसावा, असें तेथें नवशिक्यांस सांगतात. अमेरिकेंतील जाणते लोक सामान, माणसें व पाणी भरून थेट मालमोटारींच्या वजनकाट्यावर जातात, आणि तेथें प्रत्येक आंसावरील भार निरनिराळा मोजून घेतात.