संगणकातील उणिवा आणि आपली दक्षता

इचोडा येथे जातीचा वा उत्पन्नाचा दाखला आज मी-सेवा केंद्रातील संगणकाद्वारे मिळतो. संगणकाच्या कार्यप्रणालीत उणीव राहिली, तर कुंपणातील खिंडारातून गुरे शिरावीत तसा घातक प्रोग्राम आत शिरतो.

विंडोजमधील अशा एका उणिवेवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही, त्यांच्या नोंदी १२ मेपासून पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने कुलूपबंद केल्या व खंडणी मागितली. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले.

भारत सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था नव्या उणिवांच्या सूचना वेळोवेळी प्रसिद्ध करते. सबब, केंद्रचालक, शिक्षक व कर्मचारी यांनी दुरुस्त्या विनाविलंब बसवाव्यात आणि नोंदींची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी, हे अगत्याचे आहे.