‘गो अराउंड’ म्हटल्यावर काय व्हायला हवं?

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी केरळातल्या कोळिकोड विमानतळावर पाऊस पडत होता. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ एकदा उतरण्याचा प्रयत्न सोडून वर गेलं आणि मग धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून उतरायला आलं. या खेपेला वारा पाठीमागून होता. पठारावरची ही धावपट्टी साधारण २,७०० मीटर लांब आहे. विमानाची चाकं टेकली ती सुमारे १,३५० मीटर पुढे. निम्मी धावपट्टी हवेतच निघून गेली होती. विमान पठाराच्या कडेवरून खाली कोसळलं. आतल्या १९० पैकी २१ माणसं दगावली, त्यांत दोन्ही वैमानिक होते.

या विमानाचे कॅप्टन दीपक साठे हे आपले मराठी. एनडीएत घडलेले, हवाई दलात ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’ मिळवलेले, पुढे टेस्ट पायलट झालेले. कोळिकोडला पावसात उतरण्याचा अनुभवही त्यांना भरपूर होता. हे आधी सांगायला हवं, कारण अशा अपघातानंतर ‘पायलट कच्चा असेल’ म्हणून आपण मोकळे होतो. इथे हात कच्चा नव्हता. म्हणून प्रश्न कौशल्यापलीकडे जातो: त्या कॉकपिटमध्ये दोन माणसं एकमेकांशी कशी वागत होती?

कॉकपिटमध्ये काम दोघांत वाटलेलं असतं. एक जण विमान चालवतो, दुसरा लक्ष ठेवतो. वेग किती, खाली येण्याचा दर किती, उंची बरोबर आहे का, हे आकडे वाचायचे आणि चुकले तर मोठ्याने सांगायचं. जमिनीपासून ठरावीक उंचीवर येईपर्यंत सगळं जागच्या जागी बसलेलं नसेल, तर उतरायचं नाही, पुन्हा वर जायचं. याला वैमानिक ‘गो अराउंड’ म्हणतात. हा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारू शकतो, आणि उच्चारल्यावर वाद घालायचा नसतो. कॅप्टनने प्रतिसाद दिला नाही, तर लक्ष ठेवणाऱ्याने विमान स्वतःच्या हाती घ्यायचं, इथपर्यंत नियम आहे.

कोळिकोडच्या अपघाताचा चौकशी अहवाल २०२१ मध्ये आला. विमान खाली येत असताना सहवैमानिकाने दर जास्त असल्याची आठवण करून दिली होती. विमान धावपट्टीवर तरंगत पुढे जात होतं तेव्हा आधी ‘जस्ट चेक इट’, मग दबक्या आवाजात ‘कॅप्टन’ आणि शेवटी ‘गो अराउंड’. क्षणाक्षणाला धावपट्टी संपत होती आणि खरा शब्द तिसऱ्या पायरीला आला. तो आल्यावरही विमान वर गेलं नाही, आणि सहवैमानिकाने ते हाती घेतलं नाही. कार्यपद्धती पाळली गेली नाही, याला अहवालाने संभाव्य कारण म्हटलं. दोघांच्या अधिकारातलं मोठं अंतर आणि ठामपणाचा अभाव यांवरही बोट ठेवलं.

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीतल्या कुठल्याही घरात मूल हेच शिकतं: थोरांना तोंडावर चुकलात म्हणायचं नाही. आडून सुचवायचं, हाक मारून थांबायचं. घरात त्याने फारसं बिघडत नाही. ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या वेगात मात्र त्या आडपडद्याला वेळच उरत नाही.

वृत्तीचा संबंध वागण्याशी असतो, हे मोजायचं कसं? अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेल्मराइख यांनी १९८० च्या दशकात वैमानिकांसाठी एक प्रश्नावली तयार केली. ‘थकलो असलो तरी अवघड प्रसंगी माझं काम चोख होतं’, अशी विधानं द्यायची आणि पटतं का ते विचारायचं. परीक्षक कॅप्टन ज्यांना उत्तम ठरवत होते आणि ज्यांना कमी लेखत होते, त्यांच्या उत्तरांत स्पष्ट फरक निघाला. चांगले वैमानिक आपल्यालाही थकवा, ताण गाठतो हे मानत होते, आणि म्हणून दुसऱ्याने टोकावं अशी सोय करून ठेवत होते. मला हा सगळ्यात मोलाचा धागा वाटतो. स्वतःला अचूक समजणारा माणूस समोरच्याचं ऐकेल कशाला? २००० साली याच गटाने वैमानिक आणि डॉक्टरांची तुलना छापली. थकव्याचा कामावर परिणाम होत नाही असं २६ टक्के वैमानिक म्हणाले, वरिष्ठ सर्जनांत हेच प्रमाण ७० टक्के होतं. वैमानिक काही जन्माने नम्र नसतात. तोवर त्यांना तसं प्रशिक्षण मिळत आलं होतं.

ते प्रशिक्षण दुःखातूनच आलं. डिसेंबर १९७८ मध्ये पोर्टलंडजवळ युनायटेडचं विमान इंधन संपून पडलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतले होते, इंधनाबद्दलचे सहकाऱ्यांचे इशारे पुरेसे ठाम नव्हते. पुढच्या वर्षी नासाने यावर कार्यशाळा घेतली, आणि ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’चा, म्हणजे सीआरएमचा, पाया घातला गेला. यात पायरी-पायरीने बोलायला शिकवतात: आधी दिसलं ते सांगा, मग काळजी सांगा, मग काय करायचं ते सांगा, मग करा. कॅप्टनलाही शिकवतात, उड्डाणाआधीच म्हणायचं, ‘माझं काही चुकलं तर लगेच बोल.’ १९८९ मध्ये सू सिटीजवळ हायड्रॉलिक यंत्रणा पूर्ण निकामी झालेलं विमान कॅप्टन अल हेन्स यांनी सहकाऱ्यांसह धावपट्टीपर्यंत आणलं आणि १८४ माणसं वाचली. हेन्स याचं मोठं श्रेय सीआरएमला देत असत.

पण सगळा भार दोन माणसांच्या स्वभावावर टाकणं अन्याय आहे. कोळिकोडच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे: तिथल्या तळावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, पुष्कळ, कॅप्टन फार कमी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण साठेंनाच न्यायचं होतं. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर ते उड्डाण कोलमडलं असतं. कंपनीचं वेळापत्रक असं कॉकपिटमध्ये येऊन बसतं. म्हणून चांगल्या कंपन्या ‘गो अराउंड’साठी कोणालाही जाब विचारत नाहीत, आणि नोंदयंत्रातली माहिती शिक्षेसाठी न वापरता शिकण्यासाठी वापरतात.

बिलोलीहून नरसी-नायगावमार्गे नांदेड गाठून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला एवढं माहीत असावं. उतरता उतरता विमान जोरात आवाज करत पुन्हा वर उचललं गेलं, तर घाबरायचं कारण नाही. पुढच्या दोघांपैकी एकाने शब्द उच्चारला आणि दुसऱ्याने तो मानला.