रायफल जुनी झाली: पार्ट बदलायचे की रायफलच?

फोन स्लो झाला की आपण आधी बॅटरी बदलून बघतो. फोन फारच जुना असेल तर दुकानदारच म्हणतो, "दादा, आता नवाच घ्या." कॅनडाच्या सैन्यापुढे अगदी हाच प्रश्न होता, फक्त फोनच्या जागी रायफल होती.

कॅनेडियन रेंजर्स हे १९४७ साली सुरू झालेलं राखीव दल. उत्तरेकडच्या बर्फाळ वस्त्यांमधली माणसं, त्यांत इनुइट बरेच. त्यांच्याकडे .३०३ बोअरची ली-एनफिल्ड नं. ४ असायची. गस्तीला तीच, शिकारीला तीच आणि ध्रुवीय अस्वल अंगावर आलं तरी तीच. आपल्याकडची पोलिसांची 'थ्री नॉट थ्री' याच घराण्यातली. २००८ च्या हल्ल्यात सीएसटीवरच्या काही पोलिसांच्या हातात तीच होती. (भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा निर्णय तुमच्यावर येणार नाही. इंजिनिअरिंग मात्र भारी आहे!)

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलमध्ये नळी झिजते, लाकडी दस्ता तडकतो, दुर्बीण बदलता येते. हे सगळं अपग्रेडमध्ये मोडतं. खरा पेच असतो हेडस्पेसचा. चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं ती कड आणि बोल्टचं तोंड यांच्यात किती जागा असते, ते हे माप. वापराने ही जागा वाढत जाते. ती जास्त झाली की बार उडताना काडतुसाचं पितळ मागे ताणलं जातं आणि फाटूही शकतं. मग गरम वायू मागे येतो. आणि मागे असतो तुमचा चेहरा.

ली-एनफिल्डच्या डिझायनरने यावर झकास तोड काढली होती. बोल्टचं डोकं वेगळं होतं आणि नं. ४ साठी ते ०, १, २, ३ अशा मापांत मिळायचं. जागा वाढली की पुढच्या मापाचं डोकं लावा, झालं काम! पण ३ नंबरही पुरेना किंवा डोकंच मिळेना, तर? कॅनडात तेच झालं. रायफली चालत होत्या, सुटे भाग संपत चालले होते. सॉफ्टवेअर अपडेट बंद झालेल्या धडधाकट फोनसारखं.

मग नुसती नवी नळी टाकून आजचं ७.६२ चं काडतूस का वापरू नये? कारण त्याचा दाब .३०३ पेक्षा जास्त असतो आणि तो नळी एकटी सोसत नाही, बोल्ट आणि रिसीव्हरही सोसतात. शिवाय .३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते, ७.६२ ला तशी नसते. म्हणजे मॅगझिन आणि काडतूस ओढणारा आकडाही बदलायचा. इशापूरच्या कारखान्याने १९६० च्या दशकात ७.६२ ची '२ए' काढली, तेव्हा जुन्या रायफलीत नळी बसवली नाही. चांगलं पोलाद वापरून रायफलच नवी बनवली.

कॅनडानेही बदलाचाच मार्ग धरला. फिनलंडच्या टिका रायफलवर आधारित सी-१९ तिथे २०१८ पासून वाटली गेली. जाड हातमोज्यांतलं बोट ट्रिगरवर जावं म्हणून गार्ड मोठा आणि बर्फात पडली तर दिसावी म्हणून दस्ता लाल.

पण तिथल्या एखाद्या शिकाऱ्याकडे आजोबांची एनफिल्ड असेल तर? आधी हेडस्पेस गेजने तपासून घ्यायची. माप ठीक, नळीतल्या खाचा शाबूत आणि गावात काडतुसं मिळतायत, तर ठेवावी, असं मला वाटतं. फक्त दुर्बिणीसाठी ड्रिल मारण्याआधी विचारून घ्यावं. मूळ अवस्थेतल्या रायफलीला संग्राहक चांगले पैसे देतात आणि पाडलेलं भोक बुजत नाही.