जीवदया आणि हुंडीसारखी लस

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. 1998-99 मध्ये मलेशियात निपाह विषाणू डुकरांतून माणसांत शिरला, तेव्हा दहा लाखांच्या आसपास डुकरे मारली गेली. उपाय हाती नसला की पहिला बळी मुक्या जीवाचा जातो. म्हणून प्राण्यांतून येणाऱ्या विषाणूंवरील लशींचा विचार अहिंसेच्या उपासकानेही करावयास हवा. हा धोका दूरचा नाही. मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला निपाहच्या खुणा आढळल्या.

अशा विषाणूंसाठी डीएनए लशीकडे आशेने पाहिले जाते. तिचे तत्त्व हुंडीच्या दाखल्याने समजेल. हुंडी म्हणजे रोकड नव्हे, तर रक्कम देण्याची लेखी आज्ञा. या लशीतही विषाणू नसतो; त्याचे एक प्रथिन घडविण्याची आज्ञा तेवढी असते. आपल्या पेशी ती सकारतात, प्रथिन घडवितात आणि शरीर त्या शत्रूची ओळख लक्षात ठेवते. नवा विषाणू आला तर मजकूर बदलावयाचा. पेढी तीच राहते.

मात्र ही हुंडी पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचविणे कठीण. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने सुईविना, दाबाच्या सूक्ष्म धारेने ती त्वचेत सोडली. 20 ऑगस्ट 2021 रोजी तिच्या कोविड लशीला आपत्कालीन मंजुरी मिळाली. माणसांसाठीची ही जगातील पहिली डीएनए लस. 28 दिवसांच्या अंतराने तीन मात्रा. सुमारे 28,000 स्वयंसेवकांवरील चाचणीत परिणामकारकता सुमारे 67 टक्के.

जमेबरोबर नावेची बाजूही पाहिली पाहिजे. या लशीसाठी कोंबडीची अंडी लागत नाहीत. ती जिवाणूंत वाढविलेल्या डीएनएपासून होते. परंतु जिवाणूही जीवच, आणि रीसस माकडांवर तिची चाचणी झाली, हे लपवून हिशेब जुळणार नाही.

श्रावकाला संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य. आरंभी व उद्योगी हिंसा पूर्णपणे टळत नाही, ती यत्नाने कमी करावयाची असते. आपला समाज पांजरपोळांना व रुग्णालयांना मुक्तहस्ते दान देतो. त्या यादीत प्राण्यांवरील चाचण्या कमी करणाऱ्या संशोधनालाही एक ओळ मिळावी. रोगाच्या भयाने होणारी सामूहिक कत्तल टळली, तर तीही जीवदयाच ठरेल.