नदीतील लाकडाचा धनी कोण?

धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिण अंगाला नर्मदा वाहते. धारकडे धरमपुरी, देवासकडे नेमावर. पुराच्या पाण्याबरोबर एखादा थोरला ओंडका काठाला लागला, तर तो कोणाचा? ज्याने जिवावर उदार होऊन तो ओढून काढला त्याचा, की वरच्या रानात ज्याने तो तोडला त्याचा?

आगगाडी आणि मोटार येण्यापूर्वी जड लाकूड रानाबाहेर नेण्यास नदीसारखा स्वस्त हमाल दुसरा नव्हता. परंतु हा हमाल पावती देत नाही! दहा व्यापाऱ्यांचा माल एकाच प्रवाहात मिसळला, म्हणजे तो निवडावा कसा? यासाठी शिक्क्याचा हातोडा निघाला. त्याच्या तोंडावर मालकाचे अक्षर वा आकृती उठावाने कोरलेली असे. ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर घाव घातला की खूण लाकडात रुते. ओंडका पाण्यात गडगडतो. म्हणून ती अनेक ठिकाणी उठवीत, म्हणजे एखादी तरी वर दिसावी. नॉर्वेतील ग्लोमा नदीवर, फेटसुंड येथे, अशा खुणा पाहून ओंडके निवडण्याचे काम १८६१ पासून १९८५ पर्यंत चालले.

मात्र खूण धनी सांगते. धन्याने सरकारचे देणे चुकविले की नाही, हे सांगत नाही. याचे उदाहरण ब्रह्मदेशात घडले. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन तेथील सागवान काढीत असे. ओले सागवान पाण्यात बुडते. म्हणून बुंध्याभोवती गोल खाच पाडून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळवीत, मग हत्तींकडून ओढ्यात लोटीत आणि पुराची वाट पाहत. कंपनीने ओंडके नेले जास्त, पैसे भरले कमी, असा ठपका ठेवून थिबा राजाच्या मंत्रिमंडळाने १८८५ साली तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. फ्रेंचांचे वजन वाढेल, ही धास्ती इंग्रजांना होतीच. दंडाचे निमित्त मिळाले. नोव्हेंबरात युद्ध झाले, राज्य गेले आणि थिबा राजाला रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. तेथेच १९१६ साली त्याचा अंत झाला. ओंडक्यांच्या हिशेबाची किंमत ही अशी!

आपल्याकडे १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने या व्यवहाराला शिस्त लावली. खुणांची आणि हातोड्यांची नोंदणी करण्याची तरतूद झाली. वाहत आलेले, काठाला लागलेले वा बुडालेले लाकूड, तसेच नोंद नसलेल्या किंवा पुसलेल्या खुणेचे लाकूड, हक्क शाबीत होईपर्यंत सरकारचे मानावयाचे. ते गोळा केल्यावर जाहीर नोटीस द्यावयाची आणि मागणीसाठी निदान दोन महिने मुदत ठेवावयाची. लबाडीने खोटी खूण उठविणे वा खरी पुसणे, यास मूळ कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

आणि काठावरचा तो माणूस? कायदा त्यालाही विसरलेला नाही. लाकूड वाचविण्याबद्दल किती रक्कम द्यावी, याचे नियम सरकारने करावेत आणि ती देय रक्कम भरल्याखेरीज धन्याला लाकूड परत मिळू नये, अशी तजवीज त्यात आहे. ओंडका खुणेच्या धन्याचा. परंतु पुरात उडी घेणाऱ्याच्या कष्टाचे मोल आधी.

आज धारच्या दक्षिणेस सरदार सरोवराचा फुगवटा पसरला आहे. नदीचे रूप पालटले. न्यायाची ही रीत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे.