पैंजण काळे पडले, म्हणून?

"उष्णता बाहेर पडतेय गं हिची." भाचीच्या पायातले काळवंडलेले पैंजण बघून मावशीने निदान करून टाकलं. पोरगी दोन महिने जिना चढताना धापा टाकत होती, पण रक्त तपासायचं सोडून घरात सब्जा भिजत पडायला लागला. शेवटी तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.

हे निदान मी किती घरांत ऐकलंय! कुठे उष्णता, कुठे कावीळ, कुठे नजर. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेत किंचित हायड्रोजन सल्फाइड असतो, तो चांदीवर बसला की सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर तयार होतो. घामात गंधकाची संयुगं असतात, शिवाय कमी टंचाच्या चांदीतलं तांबंही काळवंडतं. म्हणून एकीचे पैंजण महिन्यात काळे आणि दुसरीचे वर्षभर लखलखीत. त्यावरून कुणाचा आजार कळत नाही.

आणि अंगातली उष्णताच कारण असेल, तर देवघरातला चांदीचा बाळकृष्ण का काळा पडतो? कपाटातलं निरांजन तर वर्षभर कुणाच्या अंगालाही लागत नाही. गेल्या दिवाळीत मी डब्यातून सहा चांदीचे चमचे काढले, रबरबँडने बांधून ठेवलेले. प्रत्येकाच्या दांड्यावर बरोब्बर रबराच्या रुंदीचा काळा पट्टा! रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात, एवढंच. उकडलेल्या अंड्याच्या बलकात चांदीचा चमचा बुडवून बघा, तोही काळवंडेल. अंड्याला ताप आलेला नसतो.

राजेलोक विष ओळखायला चांदीचं ताट वापरत, हीसुद्धा त्याच गंधकाची गोष्ट. शुद्ध सोमलाने चांदी काळी पडत नाही. सोमलात गंधकाची भेसळ असेल तर पडते.

चांदी जंतू मारते हे मात्र खरं. भाजलेल्या जखमेवर लावायच्या मलमात सिल्व्हर सल्फाडायझिन असतं, ते डॉक्टरांनी दिलं तर जरूर लावा. पण 'चांदीचं पाणी' म्हणून कोलॉइडल सिल्व्हरच्या बाटल्या विकतात, त्या पिऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच सांगून टाकलं, की ही उत्पादनं कोणत्याही आजारावर सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत. वर चांदी अंगात साठून कातडी निळसर-राखाडी होते, आणि तो रंग सहसा कायमचा राहतो.

बाळाला चांदीच्या वाटीतून भरवा, हौस आहे. बुद्धी त्याने वाढत नाही. काजूकतलीवरचा वर्ख बोटांत चोळून त्याच्या बारीक गोळ्या झाल्या, तर ते बहुधा ॲल्युमिनियम. लोहचुंबकाला चिकटली नाही म्हणजे चांदी खरी, असंही नाही. तांबंही चिकटत नाही. आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते.

पैंजण टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात. भाचीचे मी ॲल्युमिनियम फॉइल अंथरलेल्या भांड्यात ठेवले आणि खायचा सोडा घालून वर कढत पाणी ओतलं. गंधक ॲल्युमिनियमकडे गेलं, चांदी जागेवर राहिली. पाच मिनिटांत पैंजण पांढरेशुभ्र. मावशीने ते उचलून उजेडात धरले.

"बघ," ती म्हणाली, "लोहाच्या गोळ्या लागू पडल्या."